बेडकाचं बटण

दुकान जिन्याखाली. आत दोन माणसं शिरली की तिसऱ्याने श्वास घ्यायला बाहेर जायचं, एवढंच. त्यात बसायचा फुंकऱ्या. खरं नाव दुसरंच, पण कुठलाही जुना कॉम्प्युटर उघडला की आधी आतलं कार्ड उपसायचं आणि त्यावर फू करायचं, ही त्याची सवय. निम्मी मशीन तेवढ्यावरच सुरू व्हायची. नाव चिकटलं ते चिकटलंच. शिकला कुठे म्हणाल, तर कुठेच नाही. बिघडवत बिघडवत शिकला.

गुरुवारी दुपारी टायपिंगच्या बाई आल्या. वय सत्तर, बोटं पंचविशीतली. मागे चाकांची पिशवी, पिशवीत कॉम्प्युटर, त्यावर टॉवेल पांघरलेला. आजारी माणूस आणावा तसा.

"रविवारच्या आत याला उठव," बाई म्हणाल्या. "आणि यावर बेडूक चालला पाहिजे. नाहीतर मी पुन्हा वर्षभर पंपाशेजारी."

फुंकऱ्याला काही कळेना. मग बाईंनी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं.

घरात दोघंच, बाई आणि त्यांचे थोरले भाऊ, दादा. खोल्या दोन. वरच्या खोलीला बाल्कनी, ऊन, वारा. खालच्या खोलीला पाण्याचा पंप. भिंतीपलीकडे पहाटे पाचला तो असा धडधडतो की उशीसुद्धा चालायला लागते. वरची खोली कोणाची हे दर वर्षी एका रविवारी ठरतं, आणि तेही 'बेडूक' नावाच्या गेमवर. वरून माश्या पडतात, बेडकाने जीभ काढून त्या गिळायच्या. माशी चुकली की बेडूक मेला. प्रत्येकाला तीन बेडूक. ज्याच्या माश्या जास्त, तो वर्षभर वर.

"अठ्ठावीस वर्षं दादा वर आहे," बाई म्हणाल्या. "आणि सामना झालाच नाही तर खोली त्याचीच. नियम त्यानेच केलाय."

"तुम्ही एकदाही नाही जिंकलात?"

"मी टायपिंग शिकवायचे रे! एका मिनिटात साठ शब्द! आणि तो? एका बोटाने चष्मा शोधतो. तरी तोच जिंकतो. आता बोल."

फुंकऱ्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतली बॅटरी गळून मदरबोर्ड हिरवा पडला होता. सवयीने फू केलं. हिरवी धूळ तेवढी नाकात गेली.

जुना बोर्ड मेलेलाच. त्याच्याकडे बऱ्याच नंतरचा एक बोर्ड होता, तो त्याच डब्यात बसवला, बेडकाची फ्लॉपी घातली. स्क्रीनवर आलं, मेमरी अपुरी.

"अगं बाई! नव्यात जास्त असते ना?"

"आहे हो भरपूर. पण या गेमला मेमरीचा पहिलाच कोपरा लागतो, आणि तिथे माऊसवाले, सीडीवाले प्रोग्राम पाय पसरून बसलेत."

सुरुवातीच्या फाइलमधून त्याने त्या सगळ्यांना हाकललं. बेडूक आला! आणि मेला. दुसरा आला, मेला. बाईंचं बोट अजून कीबोर्डच्या वर हवेतच होतं, तोवर तिसराही गेला.

"फारच चपळ झालंय हे मरण," बाई म्हणाल्या.

"हा गेम घड्याळ बघत नाही, बाई. प्रोसेसर जितका पळेल तितका हा पळतो."

मग फुंकऱ्याने सेटअपमध्ये जाऊन वेग वाढवणारी कॅश मेमरी बंद केली. मशीनच्या पायात दगड बांधल्यासारखं. बाईंनी खेळून बघितलं, पन्नास माश्या सटासट गिळल्या. "हां! हाच माझा बेडूक."

"थांबा, ते पुढचं बटणही बघतो." डब्याच्या तोंडावर एक चौकोनी बटण होतं, शेजारी लाल आकडा, तेहतीस. फुंकऱ्याने ते दाबलं. आकडा झाला आठ. माश्या पिसासारख्या तरंगत खाली यायला लागल्या.

"अरे, काय केलंस? झोपला तो!"

"हे वेगाचंच बटण आहे. जुने गेम झेपावेत म्हणून देतात. तुम्ही कधी दाबलं नाही?"

"छे! दादा म्हणतो, त्याला हात लावलास तर आग लागेल. फक्त तोच दाबतो. त्याची पाळी आली की एकदा. शुभ असतं म्हणे." बाई बोलता बोलता मंदावल्या. "आणि उठताना... पुन्हा एकदा."

स्क्रीनवर एक माशी अजून खाली येतच होती.

"अठ्ठावीस वर्षं," बाई म्हणाल्या. "मेला झोपलेल्या बेडकावर जिंकला!"

"दादांना सांगतो मी सरळ."

"खबरदार! उलटं करता येतं का ते बोल."

गिऱ्हाइकाच्या घरच्या भांडणात पडायचं नाही, हा फुंकऱ्याचा नियम. पण काम फारच सोपं होतं हो! बटणाची पिन काढून एक घर सरकवून लावायची, की झालं उलटं, दाबलं की बेडूक पळणार. आकड्याची वायर वेगळी, तो आपला जुनाच पाढा म्हणत राहणार. त्याचा हात नियमाच्या आधी आत गेला.

रविवारी दुपारी बाईंनी त्यालाही बोलावलं, मशीनचा डॉक्टर म्हणून. दादा वरून उतरले. बगलेत स्वतःची उशी, चेहऱ्यावर वर्षभराची बाल्कनी.

"मोठा म्हणून आधी मी," ते म्हणाले आणि मोठ्या भक्तिभावाने बटण दाबलं. आकडा झाला आठ. दादा सैलावून बसले.

पहिला बेडूक मेला तेव्हा दादा अजून उशी नीट करत होते.

"अरे? अरे!" दुसऱ्याने चार माश्या खाल्ल्या आणि गेला. दादांचा हात हळूच बटणाकडे सरकला.

"दादा! आग लागेल ना रे!" बाई किंचाळल्या.

हात जागच्या जागी थिजला. दादांनी फुंकऱ्याकडे बघितलं. "काय रे, हे जरा जोरात चालतंय का?"

फुंकऱ्याने चेहरा धुतल्यासारखा कोरा ठेवला. "कशापेक्षा, दादा?"

आता काय सांगणार? दादा घाईने स्क्रीनकडे वळले. तिसराही बेडूक गेला. एकूण माश्या अकरा. उठताना मात्र सवयीने बोट बटणावर गेलंच. आकडा तेहतीस, आणि बेडूक पेंगायला लागला. म्हणजे बाईंसाठी आयतं ताट!

बाई बसल्या. पदर खोचला. स्क्रीनकडे बघितलं, दादांकडे बघितलं. मग एक बोट पुढे करून त्यांनी स्वतः बटण दाबलं.

माश्या पावसासारख्या कोसळायला लागल्या. हे ठरलेलं नव्हतं. "बाई, अहो—" फुंकऱ्याच्या तोंडून निघालंच.

"गप रे. अठ्ठावीस वर्षं मी याच वेगावर शिकलेय."

बोटं अशी चालली की बटणांचा आवाज वेगळा ऐकूच येईना. पन्नास. शंभर. दादा आधी उभे होते, मग वाकले, मग उशी मांडीवर घेऊन जमिनीवरच बसले. एकशे सेहेचाळीसला शेवटचा बेडूक गेला, तोही बाईंना शिंक आली म्हणून.

"चिमे," दादा शेवटी म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"गुरुवारी. गादी तू उतरवतोस की मी ढकलू?"

दादांनी गादी उतरवली. जिन्यावर एकदा अडकली तेव्हा फुंकऱ्याने खालून ढोसून दिली. तेवढं तर करायलाच हवं होतं.

सोमवारी सकाळी त्याने दुकान उघडलं तर दारात दादा उभे. डोळे लाल, केस एका बाजूला उभे, बगलेत तीच उशी.

"तुझ्यावर मी रागावलेलो आहे," दादा म्हणाले. "ते नंतर बघू. आधी सांग, असलं बटण पंपाला बसवता येतं का?"