नंबरचा गॉगल

काठी सोडायची परवानगी मिळाली त्या दिवशी चष्मेवालीचे पाय जमिनीवर नव्हते. डोंगर उतरताना घसरून तिच्या गुडघ्यातला हाडं जोडून ठेवणारा बंध फाटला होता. मग ऑपरेशन, आणि कितीतरी महिने पाय वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. त्या सकाळी ती काठीशिवाय दुकानात गेली, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चालून दाखवलं, आणि पुढच्या सुट्टीला निदान टेकडीवर तरी जायचं, असं नवऱ्याकडून कबूलही करून घेतलं. संध्याकाळी वरच्या फळीवरचा फ्रेमांचा खोका काढायला ती स्टुलावर चढली. स्टूल डगमगलं आणि खाली येताना नेमका तोच पाय मुडपला.

शिवलेला बंध पुन्हा फाटला होता. डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन केलं आणि वर्षभर डोंगराचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं.

घरी आल्यावर तिने अंथरूणच धरलं. सासूबाई ताट पुढे ठेवायच्या. ती दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करायची. टाके सुकल्यावर व्यायाम घेणाऱ्या बाईंनी पोहण्याच्या तलावात चालायला सांगितलं, तर तिने साफ नकार दिला. पाणी कमरेच्या वर आलं की तिचा जीव घाबरा व्हायचा.

"मी येते बरोबर," सासूबाई म्हणाल्या. "मलाही कुठे पोहता येतं? बुडालो तर दोघी बुडू."

कितीतरी दिवसांनी ती हसली, आणि हसण्याच्या भरात हो म्हणून बसली.

तलावात दोघी कठड्याला चिकटून खेकड्यासारख्या आडव्या चालल्या. बाई डोकं पाण्यात घालायला सांगत होत्या, पण सासूबाई ऐकेनात. चष्मा काढला की समोर बाई उभी आहे की खांब, तेच कळत नाही, मग पाण्यात बघायचं काय, असं त्यांचं म्हणणं.

ते ऐकलं आणि चष्मेवालीच्या डोक्यात चक्र सुरू झालं. घरी जाताना गाडीत ती एकटीच बडबडत होती. पोहण्याच्या साध्या गॉगलच्या आत सासूबाईंच्या नंबरची भिंगं बसवायची. असे गॉगल तयार मिळतात, असं गाडी चालवणारा नवरा म्हणाला. तिने त्याला उडवूनच लावलं. आईंच्या दोन डोळ्यांच्या नंबरांत जमीन-अस्मानाचा फरक, तयार गॉगल त्यांना कसा चालणार?

दुसऱ्या दिवशी ती दुकानात जाऊन बसली. पाय समोरच्या खुर्चीवर, हातात भिंग. घासताना पहिल्याच्या कडेचा टवका उडाला. दुसरं गॉगलच्या वाटीत बसेना. जेवणाचा डबा तसाच गार झाला, पण तिला भान नव्हतं. शेवटी दोन्ही भिंगं अलगद आत बसली. घरी येऊन तिने सासूबाईंना गॉगल चढवला आणि भरलेल्या बादलीत तोंड घालायला लावलं. वर येऊन त्यांनी शांतपणे सांगितलं की बादलीच्या तळाला तडा गेलाय. नवऱ्याने बादली निरखून पाहिली. खरंच गेला होता.

तलावावर सासूबाईंनी श्वास धरला आणि डोकं आत घातलं. त्या वर येईनात. चष्मेवालीने त्यांचा दंड धरायला हात पुढे केला, तेवढ्यात त्या लालबुंद चेहऱ्याने वर आल्या.

"अगं, खालच्या फरशीची रेघ न् रेघ दिसते. आणि तुझा पाय दिसला. अगदी सरळ टेकतेस की तू."

आता तिलाही राहवेना. बाईंकडून साधा गॉगल घेऊन तिने चेहरा पाण्यात घातला. खाली निळा उजेड हलत होता. आपला पाय तिला दिसला, व्रणासकट. तो जरा नीट बघावा म्हणून ती वाकली, आणि पाय आपोआप तळापासून सुटला. गुडघ्यात दुखणं नाही, अंगाला वजन नाही. कठडा कधी सुटला तेही तिला कळलं नाही. वर आली तेव्हा तो हाताच्या टप्प्यात नव्हता. तिने घाबरायला हवं होतं, पण ती हसतच सुटली. नाकातोंडात पाणी गेलं, तरी हसणं थांबेना.

हिवाळा संपेपर्यंत दोघी तलावाची रुंदी पार करायला लागल्या. गुडघा आपल्या चालीने भरून येत होता आणि ती त्याला घाई करत नव्हती. घाई होती ती सासूबाईंना गाठायची. त्या नंबरचा गॉगल लावून पुढे निघायच्या, पलीकडचा कठडा धरायच्या आणि वळून सुनेची वाट बघत उभ्या राहायच्या.