कार्पचा टब आणि साठ लिटर मऊ पाणी

ऐका, मधे बोलू नका, नाहीतर मी विसरेन. तेवीस डिसेंबर, सकाळचे अकरा, बाहेर उणे नऊ, आणि आमच्या मिलाडा मावशीच्या डिस्कस माशांची जोडी टाकीतला मातीचा शंकू तोंडाने घासून साफ करायला लागली. म्हणजे संध्याकाळी अंडी. तीन वर्षं मावशी याच्याच मागे आहे. आधी तीनदा घातली होती, पण आमच्या ब्रनो शहरातलं नळाचं पाणी इतकं जड की एकाही अंड्यातून पिल्लू निघालं नाही. म्हणून यावेळी तिने आरओचं मऊ पाणी साठ लिटर पिंपात भरून ठेवलेलं.

पिंप उघडलं तर रिकामं.

झालं काय, की ओल्डा काकाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, आदल्या दिवशी नाताळच्या जेवणासाठी जिवंत कार्प मासा आणला, इथे सगळेच सोडतात तसा दरवर्षीसारखा बाथटबात सोडला, आणि नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून यंदा पिंपातलं चांगलं पाणी टबात ओतलं. मावशीने वाकून टबात बघितलं. कार्पनेही तिच्याकडे बघितलं.

"परत काढून घे की," काका म्हणाला.

"त्यात तो हागलाय, ओल्डा."

मग आरओ चालू केला. उन्हाळ्यात तो तासाला दहा लिटर देतो, त्या दिवशी जेमतेम पाच, कारण नळाचं पाणी पाच डिग्री, आणि इतकं गार पाणी मेंब्रेनमधून, म्हणजे आतल्या गाळायच्या पडद्यातून, लवकर पुढे सरकतच नाही. साठ लिटरला बारा तास. मावशीकडे सहा-सात होते. तिने आरओला जाणारी नळी लांब करून तिचं वेटोळं गरम पाण्याच्या बादलीत बुडवलं, तर दहा मिनिटांत बादलीच गार. मोठं भांडं हवं होतं, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या भांड्यात कार्प होता.

कार्प खालच्या मजल्यावर हेइदुकोव्हा बाईंच्या टबात गेला, त्यांच्या कार्पशेजारी. आमच्या टबात गरम पाणी भरलं, नळी टाकली, ती तरंगायला लागली. मावशी काकाकडे बघत राहिली. काका म्हणाला, माशामुळे माझी अंघोळ राहिलीच आहे, बसतो. आणि बसला, नळी मांड्यांखाली दाबून, हातात शब्दकोडं घेऊन.

पहिला अर्धा तास तो मजेत होता. मग मावशी पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर घेऊन आली. म्हणाली, टब फार गरम आहे, पाणी भराभर येतंय पण सोबत क्षारही निसटतायत, मीटर आठवरून सोळावर गेलाय, टब अठ्ठावीसवर आण.

"अठ्ठावीसमध्ये माणूस बसतो का गं?"

"माणसाचं मला माहीत नाही. मेंब्रेनला चालतं."

तिने गार नळ सोडला. त्यानंतर पाणी निवलं की एकच पातेलं गरम पाणी, थर्मामीटर बघून. काका काकडत होता, मी त्याला दारातून सूप दिलं. चार वाजता त्याने विचारलं किती झालं. अडतीस. त्याच्या मते खूप वेळाने परत विचारलं. एकोणचाळीस.

सव्वासहाला साठ झाले. मावशीने आधी पाणी तापवून टाकीत सोडलं, मग काकाला टॉवेल दिला.

साडेसातला मादीने शंकूवर एकेक अंडं चिकटवायला सुरुवात केली. काका मागे उभा, ओठ निळे. हळूच म्हणाला, "दिसतायत गं." मावशी वळली नाही, फक्त हात मागे करून त्याचा टॉवेल त्याच्या खांद्यावर ओढला.

तिसऱ्या दिवशी अंडी फुटली. दीडशेएक शेपट्या थरथरतायत. कार्प आम्ही चोवीसला खाल्ला, आमचा का बाईंचा ते कुणालाच सांगता आलं नाही. पण त्या पिल्लांना आता रोज वीस लिटर मऊ पाणी लागतं, आणि बाहेर अजून उणे नऊच आहे. मी आत्ता निघाले तेव्हा काका लोकरीची टोपी घालून टबात बसला होता आणि मावशीला हाका मारून विचारत होता, मीटर किती दाखवतोय, सांग ना.