नणंदेचं कोपर

वहिनी कवळ्या बनवायची. केसाएवढी उंच राहिलेली दाढ घासून बरोबर बेतात आणणं, हा तिचा दिवसभराचा उद्योग. अशी नाजूक कामाची बाई संध्याकाळी ज्युदोच्या मॅटवर भल्याभल्यांना लोळवायची, आणि सहा वर्षांत तिच्या अंगाला साधी पट्टी लागली नव्हती. कारण एकच. हात अडकला की ती समोरच्याच्या अंगावर लगेच दोनदा टपटप करायची. असा टॅप झाला की तिथल्या तिथे सोडायचं, हा वर्गाचा नियम होता. सर म्हणायचे, "टॅप करायची लाज वाटत असेल, त्याने बुद्धिबळ खेळावं."

नणंद दोन महिन्यांपूर्वी वर्गात आली. बाकी सगळ्यांपुढे ती निमूट टॅप करायची. वहिनीपुढे? छे! दादाच्या बायकोपुढे हार मानायची म्हणजे काय!

गुरुवारी वहिनीने तिचा उजवा हात दोन्ही मांड्यांत धरून ताणला. कोपर सरळ होऊन थांबलं. आता ते मोडायला केसाएवढीच जागा उरली होती, आणि तेवढी जागा ओळखण्यात वहिनीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"टॅप कर."

"नाही!"

"अगं, कर ना!"

"ओढ तू, वहिनी!"

वहिनीने हात सोडला. नणंदेने क्षणात उलटून तिला दाबून धरलं. "सुटले की नाही!"

वहिनीचं डोकंच फिरलं. ती उठून बसली. "सुटली नाहीस, मी सोडलं. तीन वर्षं वाट बघून बसवर ड्रायव्हरची नोकरी लागली ना? सोमवारी स्टिअरिंग काय दातांनी धरणार? दात मी करून देईन, बाई. कोपर नाही बनवता येत मला."

सगळे हसले. नणंदेचे कान लाल झाले. "परत खेळू," ती म्हणाली.

या वेळी आधी वहिनीच सापडली. तिने झटकन टॅप केला आणि ती म्हणाली, "छान धरलंस." दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा मात्र तोच उजवा हात पुन्हा वहिनीच्या तावडीत आला. तसाच सरळ, तेवढीच जागा. नणंदेने दात आवळले. ही हट्टी बया आताही ऐकणार नाही, असं वहिनीला वाटलं. ती ओढेना, सोडेना.

मग तिच्या मांडीवर दोनदा टपटप झाली, अगदी हळू. वहिनीने हात सोडला आणि नणंदेला कुशीतच घेतलं.

"पुरे गं, सगळे बघतायत," नणंद म्हणाली.

सोमवारी सकाळी कवळ्यांचा डबा सांभाळत वहिनी बसमध्ये चढली. नणंद दोन्ही हातांनी ते भलंमोठं चाक फिरवत होती.

"वहिनी, दारात उभी राहू नकोस. मागे सरक!"

एरवी वहिनीने दोन शब्द सुनावले असते. आज ती मुकाट्याने मागे सरकली.