कुंभवलीचं आभाळ

अँटेनाच्या कनेक्टरच्या कडेला हिरवट पापुद्रा धरला होता आणि तो नखाने खरवडता खरवडता कमलाकांतला वाटलं, की इथे पितळसुद्धा टिकत नाही... समुद्राची खारी हवा, त्यात कारखान्यांचा वायू. माणूस मात्र टिकतो. टिकतो म्हणजे खोकत राहतो, सकाळी उठतो, स्क्रीनसमोर बसतो — सवयीने, जशी तीस वर्षं बॉयलरसमोर बसायची सवय होती तशी. खिडकीबाहेर मळभ होतं. राखाडी, जड, पार कारखान्यांच्या चिमण्यांच्या टोकांवर येऊन टेकलेलं. ऐन पौषात असं आभाळ बरं नव्हे. आणि स्क्रीनवर अकरा ओळी, एकाखाली एक, प्रत्येकीपुढे हिरवा ठिपका. झाई : आभाळ स्वच्छ, वारा मंद. डहाणू : आभाळ स्वच्छ, वारा मंद. सातपाटी, केळवे, खाली थेट अर्नाळ्यापर्यंत : आभाळ स्वच्छ, वारा मंद.

त्याने पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. एवढ्या लांब किनाऱ्यावर काय फक्त माझ्याच डोक्यावर ढग आलेत?

नाही. मळभ बघून सातपाटीच्या बोटी काल संध्याकाळीच परत आल्या, असं बातम्यांत सांगितलं होतं. मग या ओळी कुणी लिहिल्या... आणि हा प्रश्न पूर्ण व्हायच्या आतच त्याला उत्तर कळलं होतं. कुणीच नाही. मशीनने लिहिल्या. मशीनने विचारलं, मशीनने सांगितलं, आणि मी म्हातारा मधे बसून रोज हिरवे ठिपके मोजतो आहे.

काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात मोबाइलचे टॉवर आडवे झाले, दोन दिवस किनाऱ्याची खबर कुणाला कळेना, तेव्हा हे उभं राहिलं. गावोगावच्या हौशी हॅम रेडिओवाल्यांनी आपापल्या छतावर गेटवे बसवले : वर अँटेना, खाली एक पेटी, रेडिओवरून आलेला निरोप पेटी इंटरनेटवर चढवते, तिकडचा इकडे उतरवते. पण पेट्या बसवणं सोपं, त्या जाग्या ठेवणं कठीण, म्हणून कमलाकांतने पहारा सुरू केला. बिनपगारी, आपखुशीचा. रोज सकाळी प्रत्येकाने शेजारच्या गेटवेतून एक निरोप पाठवायचा आणि उत्तर येतं का ते बघायचं. स्वतःचं स्टेशन स्वतः तपासायचं नाही — हा नियम त्याचाच. घरात बसून आपलं सगळं ठीकच वाटतं, ते ठीक आहे का हे बाहेरच्याने सांगायचं. म्हणून ज्याच्या त्याच्या स्क्रीनवर ज्याचं त्याचं गाव दिसतच नसे. आणि शेवटी, आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या आभाळाची एक ओळ, हाताने लिहिलेली. कारण पेटी म्हणेल मी चालू आहे, पण पेटी खिडकीबाहेर बघणार नाही.

काय ओळी यायच्या तेव्हा! डहाणूची वैभवी लिहायची, ‘चिकूच्या वाडीवर धुकं, धुक्यात कुणाची तरी म्हैस.’ सातपाटीचा भावेश तर — ‘पापलेट नाय, ढग हाय, बाप चिडलाय.’ मग वर्षागणिक ओळी आखूडत गेल्या. म्हैस गेली, बाप गेला — भावेशचा बाप खरंच गेला — उरलं आभाळ आणि वारा. दिवाळीनंतर आभाळ रोजच निरभ्र, त्यामुळे सगळे एकच लिहितात याचं काही वाटलं नाही. मी मात्र लिहीत होतो. काल लिहिलं होतं, ‘तिसऱ्या चिमणीचा धूर आज समुद्राकडे न जाता घरांकडे वळला आहे.’ अर्धा तास लागला होता त्या ओळीला. कुणी काही बोललं नाही. दिवाळीपासून कुणी काहीच बोललेलं नाही.

त्याने चपला शोधल्या. सातपाटी सगळ्यांत जवळ. भावेशच्या घरी जायचं, डोळ्यांनी बघायचं. तिथेही माणूस नसेल तर आजच पहारा बंद.

“कुठं निघालाव?” त्याची बायको सुगंधा आतून म्हणाली.

“सातपाटीला.”

“भुतांची हजेरी घ्यायला? समदी ह्या पडद्यावरनंच तर हाय-हाय म्हणत्यात की तुमास्नी.” आणि मग, हातातलं पीठ न झटकता दारात येऊन, “छत्री न्या. डोळ्याचं आपरेशन झालंय, डोळ्यात पानी जाऊ देऊ नगा.”

कुंभवलीहून बोईसर, बोईसरहून पालघर, पालघरहून सातपाटी. एसटीच्या काचेतून तो सारखं वर बघत होता, कुठेतरी एखादी फट दिसेल, एखाद्या गावाची ओळ खरी निघेल, म्हणून... एकही फट नव्हती. बंद करणं सोपं आहे, तो मनाशी म्हणत होता. ‘पहारा आजपासून बंद’, एवढंच लिहायचं. आणि तेही कोण वाचणार? बॉयलर बंद करताना निदान शेवटची वाफ फुसकारते.

सातपाटीत बायकांची पळापळ चालली होती. बांबूंवर वाळत घातलेले बोंबील काढून टोपल्यांत भरत होत्या, वर ताडपत्र्या ओढत होत्या, आभाळाला शिव्या देत होत्या. त्यांतलीच एक, पदर खोचलेली, त्याला बघून थांबली. भावेशची आई.

“कुंभवलीवाले ना तुमी? या भाऊ. उभे काय ऱ्हायलेत, ही टोपली धरा पयली.”

त्याने टोपली धरली. ओल्या बोंबलांचं वजन हाताला लागलं आणि क्षणभर बरं वाटलं.

“भावेश कुठाय?”

“जहाजावं. दिवाळी झाली न गेला. तेलाचा जहाज हाय, लांबचा. फोन येतो बंदराला लागला की, नायतर नाय.” ती जिना चढता चढता बोलत होती. “पण ह्यो चालू हाय ना, मंग मला काळजी नाय.”

माळ्यावर पेटी होती, धूळ पुसलेली, खाली क्रोशाचा रुमाल अंथरलेला. दिवा लुकलुकत होता. शेजारी भावेशचा स्क्रीन चालूच.

“जाताना बोलला, आये, ह्याला बंद करू नको. मी रोज सकाळी येऊन वाचतंय त्याची ओळ.” तिने बोट ठेवलं, तिच्याच घराच्या स्क्रीनवर सातपाटी दिसावी म्हणून पोराने बहुतेक नियम मोडून दिला होता. “बघा. आभाळ स्वच्छ, वारा मंद. इकडं मळभ, आमच्या बोंबलाची वाट लागली. पण त्याच्या जहाजावं साफ हाय. बरा हाय पोरगा.”

कमलाकांत तिच्याकडे वळला. ही ओळ तुझ्या पोराची नाही गं बाई, तो जाताना मशीनला पढवून गेला... इतकं साधं वाक्य, पण त्याऐवजी नजरच, तिच्यापासून पळत, स्क्रीनवर वर सरकली. वर कुंभवली होतं.

कुंभवली : आभाळ स्वच्छ, वारा मंद.

त्याने चष्मा काढला, पुसला, लावला. मागची पानं उलटली. काल : आभाळ स्वच्छ. परवा : आभाळ स्वच्छ. तिसऱ्या चिमणीचा धूर कुठेही नव्हता. पार दिवाळीपर्यंत कुठेही... आणि मग आठवलं — दिवाळीत डोळ्याचं ऑपरेशन, डोळ्यावर पट्टी, आपणच भावेशला फोन केला होता, ‘आठ-दहा दिवस माझी ओळ मशीनवर टाक रे.’ त्याने इथूनच टाकली. मग तो जहाजावर गेला. काढायची राहिली. मी लिहीत राहिलो, आणि जे लिहिलं ते माझ्याच पेटीत पडून राहिलं, बाहेर दुसरंच जात राहिलं, आणि मला ते दिसणार नव्हतं, कारण स्वतःचं स्टेशन स्वतः बघायचं नाही...

खिडकीशी जाऊन त्याने केळव्याच्या इंद्रजीतला फोन लावला. पहाऱ्यातला सगळ्यांत जुना गडी.

“बोला काका! काय, बऱ्याच दिवसांनी?”

“तू ओळ कधीपासून मशीनवर टाकलीस?”

“तुम्ही टाकलीत, त्यानंतरच की. तुमची रोज तीच यायला लागली. वैभवी म्हणाली, काकाच कंटाळले, आता आपण कशाला घासायची? आम्ही दोन-तीनदा विचारलंही होतं ओळीतून, काका बरे आहात ना? तुमचं उत्तर आलं, आभाळ स्वच्छ.” तो हसला. “ठीक चाललंय ना पण? सगळं हिरवं आहे.”

“ते विचारलेलं मला कसं दिसलं नाही?”

“पट्टी होती ना डोळ्यावर तुमच्या.”

“हो,” कमलाकांत म्हणाला. “पट्टी होती.” सांगता आलं असतं, की मी लिहीत होतो रे, एकही दिवस चुकवला नाही. पण ते एखाद्या भुताने ‘मी जिवंत आहे’ म्हणावं तसं वाटलं असतं. त्याने फोन ठेवला. इतका वेळ छातीत एक राग होता, सगळे सोडून गेले याचा; तो राग धरून उभं राहता येत होतं. आता तोही सुटला, आणि खाली टेकायला काहीच नव्हतं. सगळ्यांत आधी सोडून गेलेला माणूस मीच.

भावेशची आई चहा घेऊन आली. स्क्रीनकडे बघत म्हणाली, “तुमच्याकडं पण साफच हाय की वो कुंभवलीला. तुमी आता तिथनंच आलात ना?”

पेटीची वायर त्याच्या हाताशी होती. दिवा लुकलुकत होता.

“हो,” तो म्हणाला. “साफ आहे.”

किती सहज निघालं ते. अर्धा तास लागला नाही, एक शब्द शोधावा लागला नाही. तिने मान हलवली, समाधानाने, आणि बशी पुढे केली.

परतताना तो सातपाटीच्या स्टँडवर उभा राहिला. थेंब पडायला लागले होते. छत्री त्याने उघडली नाही. उद्या सकाळी मशीन काढून टाकता येईल, पुन्हा हाताने लिहिता येईल — काय लिहायचं? वर बघितलं, आणि आतून एकही ओळ उठली नाही. तिशी उलटेपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. तेव्हा असाच तो स्टँडवर उभा राहून येणाऱ्या एसटीच्या पाटीकडे बघायचा. तिथे काहीतरी लिहिलेलं आहे, ते बाकीच्यांना कळतं आहे, लोक धावत सुटले आहेत, आणि आपण मात्र विचारायची लाज वाटून, वाचता येत असल्यासारखा चेहरा करून...

गाडी आली. लोक चढले. तो तसाच वर बघत राहिला.