पुढच्या चाकावरचे चार किलो

त्या शनिवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते तिच्या लक्षात आलं होतं. नव्हतं आलं, असं पुढे तिला स्वतःला कधीच पटवता आलं नाही.

घराच्या तळमजल्यावर बाबांची काम करायची खोली होती. चाळीस वर्षं त्यांनी तिथे वजनकाटे दुरुस्त केले. किराणा दुकानांतले, गोदामांतले, टपाल कचेरीतले. बाजारात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. सगळ्यांचे ते ‘काटेवाले’. खोलीत असले की अंगात तेलाचे डाग पडलेला जुना सदरा. इस्त्रीचा शर्ट म्हणजे बाहेर जायचं होतं.

“निघालात?” त्यांनी विचारलं.

“हो. भिंगरी बाहेर उभी आहे, पायात चप्पल घालून अर्धा तास झाला तिला.”

भिंगरी म्हणजे तिची पंधरा वर्षांची मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव.

“मी येऊ का?”

तिने पर्स उघडून उगाचच आत पाहिलं. बाबा दुकानात आले की काय होतं ते तिला लहानपणापासून पाठ होतं. खिशातून टेप निघणार, दुकानदाराची उलटतपासणी होणार, मागे गिऱ्हाइकं खोळंबणार. ती बारा वर्षांची असताना बुटांच्या दुकानात त्यांनी डावा आणि उजवा बूट वेगवेगळा तोलायला लावला होता. तेव्हा तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं.

“तिथे बसायलासुद्धा जागा नाही, बाबा. दोन-दोन तास उभं राहावं लागेल. कशाला उगीच पाय दुखवून घेता?”

“तेही खरंच,” बाबा म्हणाले. “एवढं मात्र कर. घेण्याआधी तिला नीट उभी कर त्या सायकलवर.”

“महिनाभर वाचतेय मी यावर. फ्रेमविषयी जे छापून आलंय ते सगळं वाचून झालंय.”

“दिसतंय की, डोळ्यांखाली. पण सायकल चालवायची कुणी? तू की तिने?”

ती हसली. बाबाही हसले. मग त्यांनी शर्टाची बटणं सावकाश काढली, तो दारामागच्या खुंटीला लावला आणि जुना सदरा चढवला. ती बाहेर पडली तेव्हा ते एका तराजूची कडी भिंगातून बघत होते.

भिंगरीची सायकल साधी नव्हती. डाउनहिल म्हणतात तो प्रकार: टेकडीच्या माथ्यावरून दगडधोंड्यांतून, वळणावळणांनी, जीव मुठीत धरून खाली यायचं. वर्षभर ती क्लबच्या जुन्या सायकलवर शिकली. आता त्या सायकलचे सांधे खुळखुळायला लागले होते, आणि मुलीचा हात तयार झाला होता. या हंगामात तिने उताराच्या मधल्या फाटकाऐवजी माथ्याजवळच्या, वरच्या फाटकातून सुटायचं, असं प्रशिक्षक म्हणत होते. त्यासाठी स्वतःची सायकल हवी, आणि सायकलीत मुख्य गोष्ट म्हणजे फ्रेम. बाकीचे भाग आज ना उद्या बदलता येतात.

दुकानात भिंतीवर एकाच बनावटीच्या दोन फ्रेम टांगल्या होत्या. एक मीडियम, एक लार्ज.

“हिची उंची अगदी काठावर आहे,” दुकानदार म्हणाला. दाढीवाला, हात कोपरापर्यंत काळे, बोलणं सरळ. “तशा दोन्ही चालतील. आत्ता खेळायला मजा हवी तर मीडियम. दोन-तीन वर्षं पुरवायची तर लार्ज.”

तिने वाचलं होतं की लांब फ्रेम वेगात स्थिर राहते. शिवाय मुलीचं वाढतं अंग. तिच्या स्वतःच्या लहानपणीचे सगळे फ्रॉक एक माप मोठे होते, आणि तिचं त्यात काही बिघडलं नव्हतं.

“तुला काय वाटतं गं?”

भिंगरी मीडियमकडे बघत होती. “तू म्हणशील ती.”

लार्ज ठरली.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, “कुठली घेतलीत?”

“मोठी. वाढतं अंग आहे.”

“हं. उभी राहिली का ती तिच्यावर?”

“तशीच एक जोडलेली होती दुकानात. गल्लीत दोन चकरा मारल्या तिने.”

“हं.”

बाबांचे ‘हं’ दोन प्रकारचे होते. एक पटल्याचा, आणि एक ‘असू दे, नंतर बोलू’चा. हा कुठला ते बघायला ती थांबली नाही. स्वयंपाक व्हायचा होता.

रविवारी सकाळी ती चहा घेऊन खाली गेली तेव्हा बाबा खुर्चीत होते. समोर तीच कडी, हातात भिंग. ते गेले होते.

*

महिन्याभराने सायकल तयार होऊन आली. दिसायला देखणी, काळीभोर, मधे हिरवी रेघ. भिंगरीने ती घरात आणली, पुसली, तिच्याजवळ थोडा वेळ बसली. आजोबांना दाखवायची राहिली, एवढंच म्हणाली.

टेकडीवर मात्र काहीतरी बिनसलं. पहिल्याच रविवारी तिसऱ्या वळणावर पुढचं चाक बाहेर सरकलं आणि ती आडवी झाली. पुढच्या रविवारी त्याच वळणावर पुन्हा. चौथ्या रविवारपर्यंत ती प्रत्येक वळणाआधी इतकी हळू होऊ लागली की मागून येणारी लहान मुलं “दीदी, बाजू” म्हणून पुढे जाऊ लागली. वरच्या फाटकाचं नाव कुणी काढेना.

“मन थाऱ्यावर नाही तिचं,” प्रशिक्षक म्हणाले. “आजोबांचा लळा होता ना.”

भिंगरीच्या आईलाही तसंच वाटलं. घरात त्या दिवसांत जे काही चुकत होतं त्याचं बिल बाबांच्या जाण्यावरच फाडलं जात होतं. दूध उतू गेलं तरी.

पाचव्या रविवारी भिंगरी घरी आली, हेल्मेट खाटेखाली सरकवलं आणि म्हणाली, “आई, ही सायकल परत देता येईल का?”

“का गं?”

“मी सोडतेय. घाबरते मी हल्ली. आधी नव्हते घाबरत. आता वळण आलं की हातच कडक होतात.” तिच्या आवाजात रडू नव्हतं. रडू असतं तर बरं झालं असतं, असं तिच्या आईला वाटलं.

“हा महिना जाऊ दे,” ती म्हणाली. “मग बघू.”

तिला दुसरं काही सुचलं नाही. जन्मभर तिने अडलं की पुस्तक उघडलं होतं. या खेपेला कुठलं उघडायचं तेच कळत नव्हतं.

*

बाबांची खोली रिकामी करायची होती. गुरुवारी एक जुन्या मालाचा व्यापारी काटे न्यायला येणार होता. बुधवारी दुपारी ती खाली गेली, खिडक्या उघडल्या आणि खुंटीवरचा शर्ट काढला. दोन महिने तो तिथेच होता. इस्त्रीची घडी बाहीवर अजून तशीच.

वरच्या खिशात टेप होती. टेपेमागे एक जाड कागदाचा तुकडा. बाबांचं उजवीकडे कललेलं अक्षर:

*भिंगरी. हेल्मेट, बूट सगळं धरून. पेडलवर उभी.*
*जुनी: पुढे २९, मागे ४०.*
*नवी:*

‘नवी’च्या पुढे काही नव्हतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: *दोन्ही काटे दुकानात न्यायचे. जड आहेत, पण न्यायचे.*

ती स्टुलावर बसली. कागद तिने तीनदा वाचला.

“भिंगरी,” तिने जिन्याखालून हाक मारली. “जरा खाली ये.”

भिंगरीने कागद पाहिला. “हे होय. दुकानात गेलो त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी केलं होतं आम्ही. तू कामावरून यायच्या आधी.”

“काय केलं होतं?”

“क्लबची सायकल आणली होती मी. आजोबांनी दोन्ही चाकांखाली एकेक काटा ठेवला आणि मला पूर्ण सामानासकट वर उभं केलं, टेकडीवर उभी राहते तशी. म्हणाले, तू एकटी किती भरतेस ते कुणीही सांगेल, पुढच्या चाकावर किती भरतेस ते बघू. वळताना सगळा भरवसा पुढच्या चाकावरच असतो ना.”

“मला का नाही सांगितलंस?”

“ते म्हणाले, उद्या दुकानात सांगतो.” भिंगरीने कागद परत दिला. “मग ते आलेच नाहीत ना.”

कोपऱ्यातले दोन चौकोनी काटे आईने ओढून मधे आणले. खरंच जड होते. “सायकल आण,” ती म्हणाली. “हेल्मेटपण.”

काळी सायकल काट्यांवर चढवायला दोघींची दमछाक झाली. भिंगरी वर उभी राहिली. ती पडू नये म्हणून आईने तिचा दंड पकडला.

“तसं नाही. खांद्याला नुसतं बोट लाव. आजोबा म्हणायचे, जोर लावला की काटा खोटं बोलतो.”

तिने बोट लावलं. एका बोटाखाली मुलीचा श्वास वरखाली होत होता. मान वळवून तिने पुढची तबकडी वाचली, मग मागची. काटे डुलले, डुलले आणि थांबले.

“पुढे पंचवीस,” ती म्हणाली. “मागे चव्वेचाळीस.”

“मागच्या वेळी?”

“एकोणतीस.”

“चार किलो कमी? पण माझं वजन तर तेवढंच आहे.”

“सगळे मागे गेले. पुढे वाक बघू.”

भिंगरी वाकली. हात पार सरळ झाले, कोपरात वाकायला काही उरलंच नाही. हँडल तिच्यापासून एक बोटभर जास्तच लांब होतं. एवढ्या लांबीच्या फ्रेमवर ती पुढच्या चाकावर भार टाकूच शकत नव्हती. ती मागे लोंबकळत होती, आणि वळणावर पुढचं चाक मोकळं सुटत होतं.

भिंगरीने हेल्मेटची काच वर केली. “म्हणजे मी भित्री नाही झालेय?”

“नाही गं. फ्रेम मोठी आहे. मी मोठी घेतली.”

“एवढंच?”

“एवढंच.”

भिंगरी काट्यांवरून जी उतरली ती थेट जिन्यावर, दोन-दोन पायऱ्या घेत. वरून खाटेखालचं काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग ती पुन्हा खाली. “गुडघ्याचे पॅड घेतले. दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?”

*

शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली. सायकल वर बांधली, काटे मागच्या सीटवर. काटे उतरताना दिसले तसा दुकानदार हात पुसत बाहेर आला.

“काय ताई, भाजीचा धंदा काढताय माझ्या दारात?”

“तुमच्याकडे मीडियम जोडलेली आहे का? चालवून बघायला ठेवता तशी?”

“आहे. पण तिला तोलायचंय कशाला? वजन लिहिलंय की पाटीवर.”

“सायकलचं नको. हिचं हवंय, चाकागणिक.”

त्याने भुवया वर केल्या, पण फरशी रिकामी करून दिली. दोन गिऱ्हाइकं खोळंबली, आणि निघून जायच्या ऐवजी जवळ येऊन बघत राहिली. भिंगरी मीडियमवर उभी राहिली. या वेळी कोपरं बाहेर, सैल वाकलेली, गुडघेही. आईने खांद्याला बोट लावलं.

दुकानदाराने स्वतःच वाकून वाचलं. “पुढे तीस. मागे एकोणचाळीस.” मग त्याने लार्ज चढवायला लावली आणि पुन्हा वाचलं. “पुढे पंचवीस.”

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “तुम्ही दोन्ही सांगितल्या होत्या.”

“काठावरच्या उंचीला मीही अंदाजानंच सांगतो, ताई. एवढी हलकी पोर एवढ्या लांब फ्रेमवर अशी मागे पडते, हे मी आकड्यांत कधी पाहिलं नव्हतं.” मग भिंगरीला म्हणाला, “मागचा शॉक-अब्सॉर्बरही तुझ्या वजनाला मऊ करून देतो. शनिवारी संध्याकाळी ने. तुझी लार्ज घ्यायला एक ताडमाड पोरगा टपलाय केव्हाचा. पैशांचं आपण आपसात बघू.”

काटे गाडीत चढवायला तो आला. एक काटा सीटवर ठेवता ठेवता त्याने विचारलं, “हे शिकवलं कुणी?”

“माझ्या वडिलांनी.”

“मग त्या दिवशीच आणायचं ना त्यांना. मजा आली असती आम्हाला दोघांना.”

बाबा काय काय विचारत बसले असते आणि हा माणूस किती खुशीत सांगत बसला असता, ते तिला स्पष्ट दिसलं. तिने गाडीचं मागचं दार लावलं. ते नीट लागलंय का, ते पुन्हा पाहिलं.

व्यापाऱ्याला तिने त्याच संध्याकाळी कळवलं की काटे द्यायचे नाहीत.

*

रविवारी सकाळी सायकल पुन्हा शेजाऱ्यांच्या गाडीवर बांधून झाली होती. भिंगरीने न्याहारी उभ्याउभ्याच केली आणि तोंड भरलेलं असतानाच जाहीर केलं: दोन फेऱ्या मधल्या फाटकातून, तिसरं वळण जमलं तर तिसरी फेरी वरच्या.

“आणि नाही जमलं तर?”

“तर चौथी वरच्या.”

आई तळमजल्यावर गेली. शर्ट तिने धुतला नव्हता. पुन्हा खुंटीलाच लावला होता. खिशातला कागद काढून तिने बाबांच्याच पेन्सिलीने ‘नवी’च्या पुढे लिहिलं: *पुढे ३०, मागे ३९.* तिचं अक्षर सरळ, त्यांचं कललेलं. कागद टेपेमागे परत ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, तिने शर्टच खुंटीवरून काढला आणि हातावर घेतला.

बाहेर हॉर्न वाजला. एकदा, मग दोनदा.

“आई, चल ना,” भिंगरी गाडीतून ओरडली. “थांबलीस कुणासाठी?”

तिने दार अर्धं ओढलं. आत खुर्ची होती, भिंग होतं, कडी तशीच टेबलावर. तिने शर्टाची घडी नीट केली.

“चला, बाबा,” ती म्हणाली. पुटपुटली नाही, खोलीत माणूस असला की म्हणतात तशी म्हणाली. “तुम्हीही चला आमच्याबरोबर.”