डाळीखालचं वय

आमच्या सुरतेतल्या गोडादऱ्यात घरपट्टीला वेरो म्हणतात. यंदा बातमी आली की घरमालक साठीच्या वर असेल तर निम्मा वेरो माफ. सोसायटीतले म्हातारे पेढे वाटायला निघाले आणि मला बाई दरदरून घाम फुटला.

कारण घर माझ्या नावावर. बाईच्या नावानं घेतलं की दस्ताची फी वाचते, म्हणून आमच्या ह्यांनीच तसं केलेलं. आणि लग्न जमवताना मावशीनं माझी चार वर्षं गिळलेली! हे एकवीसचे, मी तेवीसची. नवरी मोठी कशी चालेल? सांगितली एकोणीस. तेव्हापासून ह्यांचं एकच पालुपद, "तू धाकली शे, तुले काय समजस!" भाजी घ्यायची, पंखा घ्यायचा, पोरीचं स्थळ बघायचं, तुले काय समजस! मी मुकाट ऐकायची. आधार कार्डावर खरं वय छापून आलं, तर ते तूरडाळीच्या डब्यात तळाशी पुरलं.

आता तोंड उघडलं तर एकोणचाळीस वर्षांचं खोटं उघडं पडणार. नाही उघडलं तर ह्यांच्या हिशेबी मी अठ्ठावन्नचीच, सवलत बुडणार. शेवटच्या तारखेला हेच म्हणाले, "वेऱ्याचा फॉर्म मी भरलाय. तू फक्त सही कर आणि आधार घे." मी डबा उपसला, कार्डावरची डाळ झटकली अन् बटव्यात कोंबलं.

महापालिकेच्या खिडकीतल्या पोरीनं विचारलं, "माजी, पतीनुं नाम?"

थोरल्यांचं आणि नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही आमची रीत. मी ह्यांना कोपरानं ढोसलं.

"हिलाल," हे म्हणाले.

"आधार?"

मी कार्ड उलटं ठेवलं आणि वर हात ठेवला. ती ओढतेय, मी सोडत नाही. "माजी, छोडो ने!" शेवटी सोडलं आणि डोळे मिटून घेतले.

"बासठ. बराबर छे," ती म्हणाली.

बराबर? मी खिडकीतून हात घालून फॉर्म ओढला. वयाच्या रकान्यात, ह्यांच्याच गिचमिड अक्षरात, ६२.

बाहेर पायरीवर आल्याबरोबर मी कडाडले, "तुमले माहीत व्हतं?"

"तुझ्या भावानं हळदीलाच सांगितलं."

"मग जन्मभर मला धाकली, धाकली करत..."

"मोठी म्हटलं असतं, तर घरात माझं काय चाललं असतं?" असं म्हणून हे मेले खो खो हसायला लागले.

असा संताप आला की विचारू नका! रांगेत आमची निम्मी सोसायटी उभी होती. मी पावती बटव्यात घातली, हातातली जड पिशवी पायरीवर आदळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं,

"हिलाल, पिशवी उचल. धाकला शे ना तू!"