माझं वजन, लोकांची मापं

राग आला की मी चांगले कपडे घालते. त्या दिवशी स्वतः शिवलेला करडा कोट चढवला, दुकानाला कुलूप लावलं आणि ग्राहक मदत केंद्रात भांडायला निघाले. कोट पोटावर ताणत होता. इतकी वर्षं बायकांचे कपडे शिवतेय, पण स्वतःचं माप घ्यायची वेळ आली की टेप हमखास सापडत नाही.

भांडणाचं कारणही तसंच होतं. वजन उतरवायची पूड विकणारी एक कंपनी मला रोज फोन करत होती. फोनचंही एक वेळ सोडा, पण पलीकडचा माणूस थेट माझं वजन सांगायचा, आणि तेही बरोबर. माझं वजन ठाऊक होतं फक्त मला आणि व्यायामशाळेतल्या काट्याला. मी तर कोणापाशी बोलले नव्हते. व्यायामशाळेत मी तशी एकदाच गेले होते, पण काट्याने तेवढ्यात दावा साधला होता.

मदत केंद्र वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. एक टेबल, त्यापुढे एक खुर्ची, भिंतीलगत एक बाक, आणि टेबलामागे माझ्या भाचीच्या वयाची एक मुलगी. बाकावर कोण बसलंय ते मी पाहिलंच नाही. रागात मला आजूबाजूचं दिसत नाही, हा माझा जुनाच गुण.

मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "काकू, यात दोन गोष्टी आहेत. नको असलेले फोन बंद करायचे तर आधी तुमच्या फोन कंपनीकडे तक्रार करा. आणि तुमचं वजन बाहेर गेलं, ती तक्रार आधी व्यायामशाळेकडे लेखी द्यायची. त्यांनी दाद दिली नाही तर मी तुम्हाला माहितीच्या तक्रारी बघणाऱ्या कार्यालयाकडे पाठवते."

"आणि पुडीने महिन्यात शिडशिडीत व्हाल म्हणतात, त्याचं काय?"

"तुम्ही घेतली का?"

"एकच डबा," मी म्हटलं.

"खोट्या जाहिरातींसाठी वेगळं मंडळ आहे," ती म्हणाली. हसली नाही, हे तिचे उपकार.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी भाषण पाठ करून आले होते, ते वाया कसं घालवायचं? मी उभी राहिले. "अगं, माणसाच्या शरीराचं माप ही काय चारचौघांत वाचून दाखवायची गोष्ट आहे? विश्वासाने सांगितलेलं यांनी बाजारात मांडायचं?"

मागे बाकावर कोणीतरी खाकरलं. मी वळून पाहिलं तर गाण्याच्या बाई. शाळेत गाणं शिकवतात आणि त्यांचे सगळे कपडे माझ्याकडेच शिवतात. मला ओळखीचं माणूस भेटल्याचा कोण आनंद.

"बाई, तुम्हालाही पुडीवाल्यांनी छळलं की काय?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मी तुमच्याविरुद्ध आलेय."

मी मटकन खुर्चीत बसले. कोटाचं एक बटण तुटून टेबलाखाली गेलं.

"काकू, तुम्ही जरा बाहेर थांबता का?" मुलीने विचारलं.

"राहू दे त्यांना," बाई म्हणाल्या. "त्यांना सगळं माहीतच आहे. तोच तर घोळ झालाय."

आता ही अक्कल कशी पाजळली ते सांगते. धंदा मंदावला म्हणून भाचीने सुचवलं, मावशी, सगळ्या गिऱ्हाइकांना फोनवर निरोप पाठवू या, शिलाईत सूट आहे म्हणून. एवढंच लिहायचं होतं. पण मला वाटलं, सूट कोणीही देईल, आपला निरोप कसा आपुलकीचा हवा. म्हणून प्रत्येकीच्या निरोपात मी तिचं माप घालायला लावलं. 'तुमचं माप आम्ही विसरलेलो नाही', आणि त्याखाली छाती, कंबर, दंड, शिवाय फोनमध्ये मी प्रत्येकीपुढे टिपून ठेवलेलं असेल ते. भाची म्हणाली, मावशी, हे बरं दिसत नाही. मी म्हटलं, तुला धंद्यातलं काय कळतं.

बाईंच्या नावापुढे मी टिपलं होतं, 'डावीकडे आतून कापसाची गादी'.

बाईंच्या शस्त्रक्रियेनंतर कपडे अंगावर नीट बसावेत म्हणून ती गादी मीच शिवत होते. त्यांनी घरी फक्त गाठ काढली म्हणून सांगितलं होतं. काय काढलं ते डॉक्टरांना आणि मला माहीत. बाई स्वतः फोन बाळगत नाहीत. त्यांनी दिलेला नंबर भावाचा होता, आणि तसं मी नावापुढे लिहूनही ठेवलं होतं.

"भाऊ जेवताना मोठ्याने वाचत होता," बाई मुलीला सांगत होत्या. "त्याला गंमत वाटली. वहिनीला कळलं. आता ती माझ्याशी हळू आवाजात बोलते. मला कोणी हळू आवाजात बोललेलं नको होतं, म्हणून तर सांगितलं नव्हतं."

मला रडू आलं. पण रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता, म्हणून गिळलं.

मुलीने कागद पुढे ओढला. "नियमाप्रमाणे तक्रार आधी दुकानाकडेच करायची असते. दुकानात लोकांच्या माहितीची जबाबदारी कोणाकडे आहे?"

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. माझ्या दुकानात कापणं, शिवणं, काजं-बटणं आणि केर काढणं मीच करते. आता हेही खातं माझ्याकडे आलं.

"माझ्याकडे," मी म्हटलं. "बाई, चुकलं माझं. मी फार शहाणपणा केला."

"काय हवंय तुम्हाला?" मुलीने बाईंना विचारलं. "माहिती पुसायला लावता येते. हवं तर तुमचं माप दुसऱ्या शिंपिणीकडे द्यायलाही सांगू शकता."

"दुसरीकडे नको," बाई घाईने म्हणाल्या. "दुसरीला पुन्हा पहिल्यापासून सांगायला माझ्यात बळ नाही. पुसा. आणि यांनी तोंड बंद ठेवावं, त्यासाठी कुठलं कार्यालय आहे?"

मुलीने खरंच विचार केला. "तसं नाहीये कुठे," ती म्हणाली.

मी तिथेच, दोघींच्या देखत, बाईंचं माप पुसलं. मग बाकीच्या सगळ्यांचंही पुसलं. बाई जिना उतरून गेल्या. मुलीने टेबलाखालचं बटण शोधून माझ्या हातात दिलं.

मला वाटलं, बाई गेल्या त्या कायमच्या. दाराची कडी वाजली की मी उगाच मान वर करायचे. वहिनीशी जाऊन बोलावं असंही मनात आलं. पण तोही शहाणपणाच झाला असता, म्हणून नाही गेले.

मग एका दुपारी बाई आल्या. "गादी दबलीय," एवढंच म्हणाल्या आणि पडद्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

मी टेप घेतली. माप घेताना आकडा मोठ्याने म्हणायची मला सवय आहे. म्हणून मी टाचण्यांची डबी उघडली आणि मावतील तेवढ्या टाचण्या ओठांत धरल्या.

"हे बरं आहे," बाई म्हणाल्या. "अशाच राहा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. माझे दोन्ही हात टेपवर, तोंडात टाचण्या. मी नको नको म्हणून मान हलवली, बाईंना वाटलं उचला म्हणतेय. त्यांनी फोन कानाला लावला. पुडीवाला होता. माझ्या फोनचा आवाज तसा मोठाच. माझं नाव, वय आणि वजन त्याने एका दमात सांगितलं.

बाईंनी फोन बंद केला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. मी टाचण्या धरून उभी.

"मी कोणाला सांगणार नाही," बाई म्हणाल्या, आणि माप घेता यावं म्हणून त्यांनी डावा हात वर केला.